पेशीविभाजनाच्या परमनंट स्लाइडचा संच: प्रयोगशाळेतील अनुभव

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेसाठी या वर्षी पेशीविभाजनाच्या 3 परमनंट स्लाइडचा (रंगवून कायमस्वरूपी बसवलेल्या तयार काचपट्ट्यांचा) संच घेतला. अकरावीच्या सर्व तुकड्यांचे प्रात्यक्षिक झाल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे.

कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड अप्रतिम आहे. छेद उभा आणि पातळ असून रंग गुणसूत्रांवर नेमका बसला आहे. सूक्ष्मदर्शकाच्या 10एक्स भिंगाखाली मूळटोपी, तिच्यामागे दाटीने बसलेल्या चौकोनी पेशींची विभाजी ऊती (सतत विभागणाऱ्या पेशींचा थर) आणि त्यापलीकडे लांबट होत गेलेल्या पेशी सलग दिसतात, त्यामुळे विभाजन मुळात कोठे चालते हे वेगळे सांगावे लागत नाही. 40एक्सखाली मध्यावस्थेत मधोमध रांगेत आलेली गुणसूत्रे, पश्चावस्थेत दोन्ही टोकांकडे ओढली जाताना मागे लोंबणाऱ्या त्यांच्या भुजा आणि शेवटी दोन नव्या केंद्रकांमध्ये उमटणारी भित्तिकेची बारीक रेघ, हे सारे स्पष्ट दिसते. बहुतेक पेशींत मात्र नुसते गोल केंद्रकच दिसते. विद्यार्थ्यांना तो स्लाइडचा दोष वाटला, पण चित्र खरे आहे: पेशीचक्राचा, म्हणजे एका विभाजनापासून पुढच्या विभाजनापर्यंतच्या काळाचा, मोठा भाग वाढीत आणि डीएनए दुप्पट करण्यात जातो. मानवी पेशीच्या सुमारे 24 तासांच्या चक्रातही प्रत्यक्ष विभाजनाला जेमतेम 1 तास लागतो.

या स्लाइडवर गुणसूत्रे मोजता येतात, असे माहितीपत्रकात छापले आहे. ते मला मान्य नाही. कांद्याच्या पेशीत 16 गुणसूत्रे असतात, पण छेद घेताना पेशीच कापली जात असल्याने ती सगळी एका पातळीत सापडत नाहीत. मोजणीसाठी मुळाची टोके अल्कोहोल व ॲसेटिक आम्लाच्या 3:1 मिश्रणात ठेवून, हायड्रोक्लोरिक आम्लात मऊ करून, ॲसिटोकार्मिनने रंगवून कव्हरस्लिपखाली अंगठ्याने दाबावीत. हे काम मुलांच्या हातून करून घेण्याजोगे आहे.

व्हाइटफिशच्या भ्रूणाची स्लाइड ठीक आहे. प्राणिपेशी मधोमध खाच पडून दुभंगते, हे तीत दिसते. टोळाच्या वृषणाच्या स्लाइडने मात्र निराशा केली. रंग इतका गडद आहे की अर्धगुणसूत्री विभाजनातील (ज्यात गुणसूत्रांची संख्या निम्मी होते) गुणसूत्रांच्या जोड्या एकमेकींत मिसळून जातात. विक्रेत्याने ती तत्परतेने बदलून दिली, परंतु दुसरीही तशीच निघाली. कांद्याची स्लाइड सुटी मिळत असेल तर तीच घ्यावी.