फायफॉक्स: आठवीच्या ‘ध्वनी’साठी फुकटात प्रयोगशाळा

जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं हे मोफत ॲप. एका फोनवर ‘टोन जनरेटर’, दुसऱ्यावर आवाजाची लाट दाखवणारा ‘ऑडिओ स्कोप’. आधी ४४० हर्ट्झ (सेकंदाला ४४० कंपनं) लावून फक्त आवाज वाढवा: लाट उंच होते, दाटी तीच राहते. मग आवाज न बदलता ८८० करा: लाटा दुप्पट दाट. मोठा आवाज आणि उंच स्वर यांतला मुलांचा नेहमीचा गोंधळ इथे डोळ्यांदेखत सुटतो. लाट सपाट माथ्याची दिसली तर माइक भरून गेलाय. फोन लांब न्या.

माणसाच्या कानाची २० ते २०,००० हर्ट्झची मर्यादा दाखवताना मात्र सांभाळा. फोनचा चिमुकला स्पीकर खालचे स्वर वाजवूच शकत नाही. ५० हर्ट्झला शांतता म्हणजे कानाचा दोष नव्हे. चांगला मोठा स्पीकर जोडा. वर १०,००० पासून हजारा-हजाराने चढा, ऐकू येणं थांबलं की हात खाली. शिक्षकांचा हात बहुधा आधी खाली येतो, वर्गाला ते फार आवडतं! ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवू नका, इअरफोन तर नकोतच. ही श्रवणचाचणीही नव्हे.

ॲपमधले डेसिबलचे (आवाजाच्या पातळीचे) आकडे कॅलिब्रेशनशिवाय, म्हणजे खऱ्या मापकाशी जुळवून घेतल्याशिवाय, खरे मानू नका, तुलनेपुरतेच घ्या.