द प्रिन्सेस ब्राइड: टिंगलही करतो आणि जीवही लावतो

राजपुत्र, चाचे, तलवारबाजी असं सांगितल्यावर भाच्याने तोंड वाकडं केलं. 1987 चा सिनेमा म्हणजे त्याच्या लेखी अश्मयुगच. पण सिनेमातला पोरगाही तसलाच. आजारी पडलाय, आजोबा पुस्तक वाचून दाखवायला आलेत, तर हा आधी विचारतो, यात खेळ-बिळ आहेत का? चुंबनाचा प्रसंग आला की साहेब वैतागतात.

पुस्तकातल्या गोष्टीची नायिका बटरकप समुद्रात पडते, किंचाळणारे मासे तिच्यावर झेपावतात आणि ऐन मोक्याला आजोबा वाचन थांबवतात: तिला आत्ता काही होत नाही हं! पोरगा म्हणतो, मी कुठे घाबरलोय? रात्री मुलांना गोष्ट सांगणाऱ्या कुणालाही हा क्षण ओळखीचा वाटेल. विल्यम गोल्डमनने आपल्याच कादंबरीवरून पटकथा लिहिलीय, त्यामुळे कुठे खोडी काढायची हे त्याला पक्कं ठाऊक.

कड्यावरचं द्वंद्व तर मी मागे नेऊन पुन्हा पाहिलं. तलवारबाज इनिगो शत्रूला कडा चढायला मदत करतो, दम खाऊ देतो, बापाच्या खुनाची हकिगत ऐकवतो आणि मग डाव्या हाताने लढायला लागतो. हरायची वेळ आल्यावर कळतं, गडी उजवा आहे! समोरचाही तेच करतो. कोलांट्या सोडल्या तर कॅरी एल्विस आणि मँडी पटिंकिन यांनी हे स्वतः केलंय. हसता हसता आपण नकळत श्वास रोखतो.

विनोद चौफेर आहे, पण इनिगोच्या सुडाची चेष्टा होत नाही. इनिगो झालेल्या पटिंकिनचे वडील कर्करोगाने गेले होते आणि शेवटच्या लढाईत तेच मनात होते, असं त्याने नंतर सांगितलंय. ते पडद्यावर दिसतं. राक्षसाएवढा फेझिक झालेला कुस्तीगीर आंद्रे द जायंट यमकं जुळवत फिरतो, तो मला सगळ्यांत आवडला.

खटकलं काय? बटरकपला वाट बघण्यापलीकडे फारसं काम नाही. जंगलातला महाकाय उंदीर म्हणजे उघडउघड आत माणूस घातलेला. मार्क नॉफ्लरचं सिंथेसायझरवरचं संगीत तर फारच जुनाट वाटतं.

कोट्या शब्दांवरच्या आहेत, तेव्हा मूळ इंग्रजीतच, सबटायटल्स लावून बघा. अगदी लहान मुलांसोबत बघणार असाल तर छळाच्या यंत्राच्या प्रसंगाला रिमोट हाताशी ठेवा.