'किता' नावाचा माणूस नव्हता: धुळ्याचे मोडीवाले काका

बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. पैसे घेऊन पावती न देणारा माणूस मला पहिल्या मिनिटापासून खटकतो, आणि मोडी लिपीतले जुने कागद वाचून देणाऱ्या या काकांनी पहिल्या दिवशी पावती दिली नाही. तरीही पाचपैकी साडेचार तारे देतोय. त्याचं कारण लांबलचक आहे.

आमच्याकडे पणजोबांबद्दल एकच गोष्ट पिढ्यान् पिढ्या चालत आली. फुई, म्हणजे आत्या, अजून तशीच सांगते: "त्यास्नी वावर गांधीबाबाले दिधं, आनि जेलमा गयात." म्हणजे शेत गांधीबाबाला दिलं आणि जेलमध्ये गेले. 1932 साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते, दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते लिहून घ्यायचे. हे सगळ्यांना माहीत आहे. त्या घोळक्यात मागच्या रांगेत आमचे पणजोबा बसलेले असणार, हे आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं. लग्नाच्या पंगतीत मीही ते दोनदा सांगितलंय.

निवृत्तीनंतर वेळच वेळ. कागद काढायचं ठरवलं. बोरी नदीच्या काठचं आमचं गाव. एका कार्यालयात फेरफाराच्या, म्हणजे जमीन कुणाच्या नावे चढली त्याच्या, आणि जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींच्या नकलांसाठी अर्ज केला, चार खेपा मारल्या, तिसऱ्या खेपेला साहेब मीटिंगला आणि चौथ्या खेपेला चावी साहेबांकडे. अखेर अकरा पानं हातात आली, सगळी मोडीत.

काकांकडे मी थेट गेलो नव्हतो. 2023 पासून मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला. तेव्हा गावोगाव 'मोडी वाचून मिळेल'चे फलक लागले. त्यातल्याच एकाकडे आधी गेलो. त्याने आठवड्यात लॅमिनेशन केलेली रंगीत वंशावळ दिली, कडेला वेलबुट्टी, साडेचार हजार रुपये. त्यात पणजोबांना केदा नावाचे एक भाऊ निघाले. केदा आपल्याकडे चालतं नाव, संशयाला जागा नव्हती. चुलतभावाने तर नव्या घराच्या वास्तुशांतीला त्यांच्या नावाने पान वाढलं.

ती वंशावळ आणि मूळ पानं घेऊन धुळ्याला काकांकडे गेलो ते फक्त एक तारीख नीट लागत नव्हती म्हणून. जुन्या धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत, त्या भागात जिना चढून वरची खोली. जिना अरुंद, दोरी धरून चढावा लागतो, गुडघ्यांचा त्रास असेल त्याने खालूनच हाक मारावी. काका शाळेतून निवृत्त झालेले. भिंग घेतलं, पानावरून बोट फिरवलं आणि हसायला लागले. "हा तुमचा केदा दर दोन ओळींनी मरतोय की हो."

तो शब्द 'किता' होता. वरच्याप्रमाणेच, म्हणजे आपण वहीत दोन टिंबं देतो तसं. गावाचं नाव परत लिहायचा कंटाळा आला की कारकून 'किता' लिहून मोकळा. आमच्या चुलतभावाने 'वरीलप्रमाणे'ला जेवू घातलं होतं.

मग काकांनी मला दोन तास मोडी समजावली, त्याचे पैसे घेतले नाहीत. आधी पानभर आडव्या रेघा ओढून घ्यायच्या आणि अक्षरं त्यांना लोंबकळत ठेवायची. हात उचलायचा नाही, त्यामुळे शब्द संपला कुठे हे डोळ्याला कळत नाही. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही, अनुस्वार असला तर असला. 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. कागदात शके दिसला तर इसवी सनासाठी साधारण 78 मिळवायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे लागत नाही तिथे काका कंस करून 'अवाचनीय' लिहितात. अकरा पानांत असे नऊ कंस आहेत. पहिल्या पठ्ठ्याच्या कागदात एकही नव्हता. मला तर आता कंस दिसला की बरं वाटतं.

पणजोबांचं नाव इथे देत नाही, पण ते उकिरड्यावरून आलेलं आहे. आपल्याकडे लेकरं जगत नसली की पुढच्याला उकिरड्यावर ठेवून उचलायचे आणि उखर्डू, दगडू, झिपरू असं काहीतरी नाव द्यायचे, म्हणजे मरणालाही ते नकोसं वाटावं. घरात आम्ही त्या नावाला हसायचो. काकांनी मृत्यूची पानं वाचली तर पणजोबांच्या आधी तीन लेकरं. एकाला नावही नाही, 'मुलगी, दिवस 9'. कारणाच्या रकान्यात तिन्हीकडे 'ताप'. खाली पणजोबांचं स्वतःचंही 'ताप'च. काका म्हणाले, त्या रकान्यावर फार विसंबू नका, लिहिणारा काही डॉक्टर नव्हता, जे नीट कळलं नाही ते सगळं ताप.

आता वावराचं. फेरफार नोंदीत, 1931 सालात, वावर दुसऱ्याच्या नावे चढलंय आणि कारण लिहिलंय कोर्टाचा लिलाव. गांधीबाबाचा कुठे उल्लेख नाही. मी गप्प बसलो. काकांनी चहा मागवला आणि म्हणाले, लिलाव असेल तर पेपरात नोटीस शोधून बघा, या तारखेच्या आधीचे दोन-तीन महिने चाळा. वर एक फुकटचा सल्ला दिला: 1906 ला खानदेशाचे पूर्व-पश्चिम दोन जिल्हे झाले, तुमचं गाव पूर्वेत, तेव्हा त्यानंतरचं सगळं धुळ्यात शोधत बसू नका, जळगावची गाडी पकडा. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर चार दिवस वाचले असते.

एका जुन्या वाचनालयात साप्ताहिकाचे बांधीव अंक मिळाले. पान उलटलं की कडेचा पापडासारखा चुरा पँटवर पडतो. शक्तिवर्धक गोळ्यांच्या जाहिराती, कापसाचे भाव, परत गोळ्या. त्या दोन वर्षांत कापसाचा भाव कसा कोसळत गेला ते ओळीने वाचलं आणि तेव्हाच अर्धं उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी दुपारी नोटीस सापडली, बोटाएवढी. सर्व्हे नंबर, 7 एकर 12 गुंठे, विहीर एक, आंब्याची झाडे दोन, सावकाराचं येणं खर्चासह 640 रुपये. आणि पणजोबांचं ते उकिरड्यावरचं नाव, छापील अक्षरात.

जेलचं म्हणाल तर या कागदांत ते गेल्याचं नाही, न गेल्याचंही नाही. मी काकांना जरा आग्रह केला की तेवढं विनोबांचं काहीतरी जुळवता येईल का. त्यांनी चष्म्यावरून असं पाहिलं की विनातिकीट पकडलेल्या पोरासारखं झालं मला.

व्यवहाराचं सांगतो. पानाला 200 रुपये, देवनागरीत टाइप करून, शेजारी मूळ पानाचा फोटो. अकरा पानांचे 2200. बारा दिवस म्हणाले, एकवीस लागले. दुपारी एक ते चार फोन उचलत नाहीत. वंशावळ काढून देत नाहीत, 'ती तुम्ही काढा' म्हणतात, वेलबुट्टी हवी असणाऱ्यांनी जाऊ नये. पावती मागितल्यावर वहीचं पान फाडून सहीनिशी दिली, पण मागावी लागली, अर्धा तारा तिथे गेला. जाताना जेवून जा, कारण एकदा भिंग हातात घेतलं की त्यांना भुकेची आठवण राहत नाही आणि आपल्याला उठवत नाही.

घरी आल्यावर फुईला सगळं वाचून दाखवलं. ती अठ्ठ्याऐंशीची आहे. लिलावानंतरही आमचे लोक तेच वावर बटाईने करत राहिले, ती त्याच बांधावर खेळून मोठी झाली. मला वाटलं, गोष्टीतून गांधीबाबा गेले म्हणून ती रडेल. तिने सावकाराचं ऐकलं, 640 ऐकले, आणि विचारलं, "आंबा कितला लिखेल शेतस?"

"दोन."

"तीन व्हतात," फुई म्हणाली. "एक बांधवर व्हता."