किंगपिन की सोल्जर ऑफ फॉर्च्युन, आधी कुठला खेळू?

जुना शूटर, म्हणजे बंदूकबाजीचा कॉम्प्युटर गेम खेळायचाय, हातात एकच वीकेंड आहे आणि या दोघांत अडकलायत, तर दोन्ही संपवलेला माणूस म्हणून सांगतो. इंजिन, म्हणजे गेम ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर, दोघांचं एकच, क्वेक टू या गेमचं, बदनामीही सारखीच, पण खेळायला बसलं की काडीचं साम्य नाही.

किंगपिन झॅट्रिक्स या कंपनीचा, जून 1999 चा. एप्रिलमधे कोलंबाइन शाळेत गोळीबार झालेला, अमेरिकेत व्हिडिओ गेम्सच्या नावानं शिमगा चालू आणि त्यात हा आला, वाक्यावाक्याला शिवी, वर सायप्रेस हिल या ग्रुपचं रॅप. सुरुवातीलाच निकी ब्लँको नावाच्या गुंडाच्या माणसांनी तुम्हाला तुडवून गल्लीत टाकलेलं असतं, हत्यार म्हणून काय तर एक पाइप. तिथून ज्याला लोळवलं त्याचे खिसे चाचपायचे, पैसे जमवायचे, पॉन-ओ-मॅटिक नावाच्या दुकानातून पिस्तूल घ्यायचं, मग त्याला सायलेन्सर वगैरे.

पण खरी मजा बोलण्यात आहे. बोलायला दोन बटणं, एक नीट बोलायचं, दुसरं उर्मटपणाचं, आणि पिस्तूल हातात धरून कुणाजवळ गेलात की तो भडकतोच. मी पहिल्यांदा कॉपी केलेल्या सीडीवरून खेळलो, सोबत मॅन्युअल कुठलं असणार, त्यामुळे हत्यार खाली करता येतं हेच माहीत नव्हतं, जो दिसेल तो अंगावर यायचा आणि मला वाटायचं गेमच असा आहे! नंतर कळलं की यातल्या काही जणांना पैसे देऊन आपल्या टोळीत घेता येतं, म्हणजे भाड्याने मिळणारी माणसं मी फुकटात मारत सुटलेलो. आणि गेम अवघड आहे बरं का, दर दोन मिनिटांनी सेव्ह मारायची सवय नसेल तर डोकं फिरेल.

सोल्जर ऑफ फॉर्च्युन रेव्हन या कंपनीचा, 2000 चा. चोरीला गेलेले चार अणुबॉम्ब शोधायचे, न्यूयॉर्कच्या सबवेपासून इराक, कोसोवो असं फिरायचं, स्टोरी बेताचीच. नाव झालं ते जखमा दाखवणाऱ्या घूल सिस्टिममुळे, शत्रूच्या शरीराचे 26 भाग, गोळी जिथं लागेल तिथली जखम वेगळी, पायाला लागली तर पाय धरून लंगडतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात तर याला अ‍ॅडल्ट सिनेमासारखं रेटिंग दिलं होतं. घरात पोरं असतील तर पासवर्ड टाकून रक्तपात बंद करायची सोय मात्र आहे. बंदुका चालवायला हा सरस, डोक्याला ताप नाही.

किंगपिनची रिलोडेड नावाची नवी आवृत्ती 2023 मधे निघालीय, मी बोलतोय ते मूळच्याबद्दल.

तर नुसतं ठो ठो करून रविवारी रात्री मोकळं व्हायचं असेल तर सोल्जर. माझं मत विचाराल तर किंगपिन, कारण तसली गल्ली आणि तसली तोंडाळ माणसं सोल्जरमधे नाहीतच. फक्त सुरू करायच्या आधी सेटिंगमधे जाऊन हत्यार खाली करायचं बटण कुठलंय ते बघून ठेवा.