'द फ्रॅजाइल': डावी आधी की उजवी?

नाईन इंच नेल्स या अमेरिकन रॉक बँडचा 'द फ्रॅजाइल' (१९९९) हा अल्बम दोन सीडींचा; त्यांची नावंच 'लेफ्ट' आणि 'राइट', म्हणजे डावी आणि उजवी. डावीत १२ गाणी, उजवीत ११, मिळून सुमारे १०३ मिनिटे. पहिल्या आठवड्यात अमेरिकेच्या अल्बम-विक्रीच्या यादीत पहिला, दुसऱ्या आठवड्यात थेट सोळावा. ऐकणाऱ्यांत तेव्हाच दोन तट पडले.

डावीवर बहुतेकांचा जीव. 'द डे द वर्ल्ड वेन्ट अवे'मध्ये ड्रम्स नाहीतच. नुसत्या गिटारच्या भिंती अंगावर येतात. 'ला मेर'चा पियानो तर मिरजेच्या संगीतसभेतल्या कानालाही पटावा: एकच स्वराकृती फिरत राहते, बाकीची वाद्यं हळूहळू तिच्यात मिसळतात. 'द ग्रेट बिलो'ला ही सीडी तळाशी जाऊन थांबते.

उजवीवर तक्रार एकच, लांबण. तीत तथ्य आहे, पण निम्मा दोष ऐकण्याच्या पद्धतीचा. डावी संपल्यावर लगेच उजवी लावली की कान थकलेले असतात आणि 'द वे आउट इज थ्रू'ची संथ चढण पोचतच नाही. मध्ये अर्धा तास जाऊ द्या. 'इन्टू द व्हॉइड'चा ठेका मात्र थकल्या कानालाही लागतो.

साताऱ्याहून पुण्याला एसटीने जाताना दोन्ही सीडी वेळेत बसतात, पण खंबाटकीत इंजिनाच्या घरघरीत हळू भाग बुडतात आणि आवाज वाढवला की पुढचा स्फोट कानात बसतो. बसमध्ये उजवी, घरी रात्री डावी. शफल बंद, क्रॉसफेड (एका गाण्याचा शेवट पुढच्यावर चढवणारी सोय) शून्यावर. नाहीतर एकमेकांत ओवलेल्या गाण्यांचे सांधे तुटतात. फोनच्या स्पीकरवर तर बेस गायबच.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याने डावीच घ्यावी.