हातात राहणारी लेन्स: कॅनन आरएफ १००-४०० मिमी एफ/५.६-८

पक्ष्यांसाठी लेन्स घ्यायची म्हटलं की आधी विचारलं जातं, ती किती लांबचं ओढते? शरदातल्या भटकंतीला दुसरा प्रश्न जास्त लागू पडतो: तीन तास चालून झाल्यावरही ती हातात असते का, की केव्हाच सॅकमध्ये गेलेली असते? या दिवसांत स्थलांतरावर निघालेले छोटे पक्षी एका झाडावर फार रेंगाळत नाहीत. सॅकची चेन उघडेपर्यंत पर्णवटवट्या पुढच्या झाडावर गेलेला असतो.

२०२१ साली आलेल्या या लेन्सचं मोल त्या हिशोबात आहे. वजन ६३५ ग्रॅम, मिटलेली लांबी साडेसोळा सेंटिमीटरच्या आसपास. कॅननच्या आर७ कॅमेऱ्याची बॉडी बॅटरी-कार्डासह ६१२ ग्रॅमची, म्हणजे दोन्ही मिळून सव्वा किलो. सोनीची २००-६०० एकटीच २११५ ग्रॅमची आहे. सव्वा किलोचा कॅमेरा गळ्यात न अडकवता एका हातात धरून चालता येतो, आणि पक्षी दिसल्यापासून पहिली फ्रेम मिळेपर्यंतचा वेळ त्यानेच सर्वांत जास्त घटतो.

आता एफ/८, म्हणजे लेन्सचं दार किती उघडतं त्याचा आकडा; तो जितका मोठा, तितका प्रकाश कमी. हा आकडा वाचून बरेच जण पुढचं वाचत नाहीत. त्यांची शंका निम्मी बरोबर आहे. एफ/५.६ फक्त साधारण १५५ मिमीपर्यंत मिळतं, मग ६.३, ७.१ असं उतरत ३६० मिमीच्या पुढे एफ/८ लागतं. पक्ष्यांमागे असताना लेन्स ४०० वरच असते, तेव्हा खोक्यावरचा ५.६ विसरलेला बरा. एफ/८ चा खरा भार असा पडतो: लख्ख उन्हात शटर १/२००० सेकंद ठेवलं तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की चित्रात दाणे येतात) ५०० लागतो. शरदातलं ऊन तिरपं आणि मवाळ असतं, एक स्टॉप कमी (म्हणजे निम्मा प्रकाश) धरा, म्हणजे १०००. भरून आलेलं आभाळ असेल तर तेच शटर ४००० मागतं. दाट झाडीखाली बसलेल्या पक्ष्याला १/४०० वरही ६४०० लागतो, आणि आर७ च्या लहान सेन्सरवर तिथे छातीवरच्या बारीक रेघा विरघळायला लागतात. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) बॉडीवर हीच मर्यादा एका स्टॉपहून थोडी पुढे सरकते, पण मग पक्षीही फ्रेममध्ये लहान होतो.

एफ आकड्यापेक्षा जास्त खरं बोलणारा आकडा दुसरा आहे: ४०० भागिले ८, म्हणजे ५० मिमी. प्रकाश आत यायचं दार एवढं रुंद. एकाच अंतरावर बसलेल्या एकाच पक्ष्याकडून लेन्स किती प्रकाश गोळा करते, ते या दाराच्या क्षेत्रफळावर ठरतं. ६०० मिमी एफ/६.३ चं दार ९५ मिमीचं, म्हणजे क्षेत्रफळ साडेतीन पटींहून जास्त. अंधूक उजेडात मोठ्या लेन्सच्या चित्रात पिसं दिसतात आणि इथे दिसत नाहीत, ते यामुळे. सॉफ्टवेअरमध्ये नॉइज कितीही घासला तरी न आलेला प्रकाश परत येत नाही. म्हणून सूर्योदयानंतरची पहिली वीस-तीस मिनिटं या लेन्सकडून पक्ष्यांचा तपशील मागू नये. तो वेळ पाण्यावरच्या धुक्याला, उजळत्या आभाळावरच्या थव्यांच्या आकृत्यांना, १००-१५० मिमीवरच्या दृश्यांना द्यावा. ती कामं ही लेन्स उत्तम करते.

स्टॅबिलायझर लेन्सचा स्वतःचा साडेपाच स्टॉपचा, आणि बॉडीतही सोय असेल तर जोडीने सहा स्टॉप, असं कंपनी सांगते. दावा फुगवलेला वाटत नाही. मात्र तो आपला हात सावरतो, पक्ष्याची मान नाही. स्थिर बसलेल्या खंड्याला १/१२५ पुरतं, सहा-आठ फ्रेमचा बर्स्ट घेतला की दोन तरी धारदार निघतात. शेपटी हलवणाऱ्या धोब्याला १/१००० च्या खाली गेलात तर शेपटी पुसट येणारच. उडत्या बदकांना १/२०००, सूर मारणाऱ्या खंड्याला १/३२००. एफ/८ वर शटर हळू ठेवलं तर आयएसओ वाचतो, म्हणून पक्षी बसलेला असताना हळू शटरच्या काही फ्रेम घ्यायच्या आणि त्याने पंख सैलावले की लगेच वर जायचं. दोन सेटिंग्ज कॅमेऱ्याच्या डायलवरच्या सी१ आणि सी२ वर साठवून ठेवली तर हे एका झटक्यात होतं.

आर७ च्या लहान सेन्सरमुळे पल्ला ‘६४० मिमीइतका’ असं सांगतात, पण त्याने पक्षी फ्रेममध्ये किती मोठा येईल ते कळत नाही. आर७ वर ४०० मिमीला १० मीटर अंतरावर फ्रेमची रुंदी ५६ सेंटिमीटर भरते. १८ सेंटिमीटरचा धोबी फ्रेमचा एक तृतीयांश व्यापतो, म्हणजे सुमारे २२०० पिक्सेल, छापायलाही पुरे. २० मीटरवर तो ११०० पिक्सेलचा होतो, ओळख पटायला ठीक. ४० मीटरवरच्या चिखलातला तुतवार नोंदीपुरता. दलदलीच्या पलीकडच्या काठावरचे पाणपक्षी हेच तुमचं मुख्य काम असेल, तर ही लेन्स तुमच्यासाठी नाही.

टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये लावायचं, पल्ला वाढवणारं भिंग) बसतो म्हणून लावू नये. १.४एक्स लावल्यावर एफ/११ होतं, फोकस रेंगाळतो, आणि आर७ च्या दाट पिक्सेलवर विवर्तनाचा (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने येणारा) मऊपणा एफ/८ लाच किंचित सुरू झालेला असतो, तो उघड दिसू लागतो. क्रॉप केलेलं चित्र बहुतेकदा जास्त चांगलं निघतं.

‘४०० ला सॉफ्ट आहे’ ही या लेन्सबद्दलची नेहमीची तक्रार. या ऋतूत निम्म्या वेळा दोष हवेचा असतो. रात्रभर गारठलेली जमीन किंवा पाणी आणि त्यावर चढतं ऊन, यांच्यामध्ये हवा थरथरते, आणि २५-३० मीटरपलीकडचं सगळं विरघळल्यासारखं येतं. तपासणी सोपी आहे. एकाच दगडाच्या लागोपाठ दहा फ्रेम घ्या. धार फ्रेमगणिक बदलत असेल तर हवा. सगळ्या सारख्याच मऊ असतील तर फोकस किंवा लेन्स. मग आठ मीटरवरच्या झाडाच्या सालीवर पुन्हा घ्या. तिथे सालीची रेघ न् रेघ मोजता येईल अशी आली, तर लेन्सला बोल लावू नका. गाडीच्या ऊबेतून काढलेली लेन्सही पहिली पंधरा-वीस मिनिटं अशीच वागते, कारण हुडाच्या नळीत गरम हवा घुसळत राहते. हीटर चालू ठेवून खिडकीतून फोटो काढणाऱ्यांना तर काहीच धारदार मिळत नाही.

फोकसची नॅनो यूएसएम मोटर वेगवान आणि जवळपास निःशब्द. मोकळ्या आभाळातला भोवत्या किंवा घार ती सहज धरते. झाडीत मात्र दोन अडचणी येतात. पहिली, लेन्सवर फोकसचा पल्ला मर्यादित करणारा स्विच नाही. एकदा निसटली की ती एका मीटरपासून अनंतापर्यंत सगळा फेरा मारून येते. दुसरी, मागे उन्हात चमकणारी पिवळी पानं असतील तर ती पार्श्वभूमीला चिकटते आणि पुढचा पक्षी धूसर ठेवून हट्टाने तिथेच राहते. उपाय: शटरच्या बटणावरून फोकस काढा. एएफ-ऑन (आपोआप फोकस) बटणावर सर्वांत लहान स्पॉट, तारांकित (*) बटणावर डोळा ओळखणारं ट्रॅकिंग. आधी स्पॉटने पक्षी किंवा त्याच अंतरावरची फांदी धरायची, मग डोळ्यावर सोपवायचं. तरीही पार्श्वभूमी सुटत नसेल तर पायाजवळच्या गवतावर एकदा फोकस करून पुन्हा वर या. एएफ चालू असतानाही हाताने फोकस फिरवता येतो, पण ती सोय मेनूत चालू करावी लागते, आणि न करणारेच जास्त. आर७ वर उडत्या पक्ष्यांसाठी इलेक्ट्रॉनिक शटर टाळा. सेन्सर सावकाश वाचला जातो, पंख वाकडे येतात. यांत्रिक शटरचे सेकंदाला १५ फ्रेम पुरे आहेत.

या लेन्सची सर्वांत कमी बोलली जाणारी बाजू म्हणजे जवळचं काम. ४०० मिमीवर ती १.०५ मीटरपर्यंत फोकस करते आणि ०.४१ पट मोठं दाखवते. आर७ वर म्हणजे ५४ गुणिले ३६ मिलिमीटरची चौकट. पाच सेंटिमीटरचा चतुर काठोकाठ बसतो. शरदात सकाळच्या गारव्यात चतुर आणि फुलपाखरं दवाने जड होऊन गवताच्या पात्यावर निपचित असतात, ऊन अंगावर आलं की काही मिनिटांत तापून उडतात. ते उठायच्या आत एक मीटरवरून, त्यांच्यावर सावली न पाडता काम होतं. १०० मिमीच्या मॅक्रोने हेच करायला बरंच जवळ जावं लागतं. कुजक्या ओंडक्यावरच्या अळंब्या, कोळ्याच्या जाळ्यातलं दव, शिरा उजळलेलं एकटं पान, सगळं याच अंतरात. धारेची खोली (जेवढी जाडी स्पष्ट येते ती) मात्र एफ/८ वर जेमतेम अडीच मिलिमीटर. चतुराचं अंग सेन्सरला समांतर ठेवा, एफ/११ वर जा, श्वास सोडून बर्स्ट घ्या. वाऱ्याच्या झुळुकांमध्ये थांबायची तयारी असेल तर मोनोपॉडचीही गरज नाही. ट्रायपॉडला जोडायची कॉलर (कडं) लेन्सला नाहीच, आणि एवढ्या वजनाला ती लागतही नाही.

बांधणी प्लास्टिकची, पण ढिली नाही. चालताना नळी पुढे घसरू नये म्हणून १०० मिमीवर अडकवायचा लॉक आहे. फिल्टर ६७ मिमीचा. हूड (ईटी-७४बी) वेगळा घ्यावा लागतो, आणि तो घ्याच: तिरप्या उन्हात चमक आवरतो आणि काटेरी झुडपात पुढची काच वाचवतो.

पर्यायांचं थोडक्यात. आरएफ ६०० एफ/११ जेमतेम ९३० ग्रॅमची, पल्ला जास्त; पण साडेचार मीटरच्या आत फोकस नाही, म्हणजे चतुर-फुलपाखरं गेली, आणि झूम नसल्याने समोर आलेलं हरीण फ्रेममध्ये मावत नाही. आरएफ १००-५०० एल ४०० मिमीला एफ/६.३ देते, म्हणजे दोन तृतीयांश स्टॉप, वर १०० मिमी आणि पाण्या-धुळीपासून बंदिस्ती. त्यासाठी कॉलर काढूनही १३७० ग्रॅम वाहायचे. रोज भल्या पहाटे निघणाऱ्याने तीच घ्यावी. आरएफ २००-८०० दोन किलोंची आहे, लपणात बसून वाट पाहणाऱ्यांसाठी ती बरोबर, आठ किलोमीटर चालणाऱ्यांसाठी नाही. लेन्स हलकी आहे म्हणून पक्ष्याच्या मागे मागे जात राहायचा मोह होतो, तेवढा आवरा. स्थलांतरात दमलेला पक्षी खाऊन चरबी साठवत असतो. त्याने खाणं थांबवून मान वर केली की आपण जास्त जवळ गेलो आहोत.

खरा कच्चा दुवा ओलावा. माउंटवर, म्हणजे लेन्स बॉडीला जोडते तिथे, रबरी कडं नाही, आणि झूम करताना नळी पुढेमागे होते तशी बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. रिमझिमीत प्लास्टिकची पिशवी समोर हुडाला रबरबँडने बांधून मागून व्ह्यूफाइंडरपुरती मोकळी ठेवा. दवाच्या गवतात गुडघे टेकून काम केल्यावर झूम मिटवायच्या आधी नळी कोरड्या कापडाने पुसा, नाहीतर ते पाणी नळीबरोबर आत जातं. गारठ्यातून उबदार खोलीत शिरताना कॅमेरा बाहेरच चेन लावलेल्या बॅगेत किंवा घट्ट बांधलेल्या पिशवीत घाला आणि आतली हवा खोलीइतकी तापेपर्यंत, तासभर तरी, उघडू नका. पाणी मग पिशवीवर जमतं, काचेवर नाही. कार्ड आणि बॅटरी बॅगेत घालण्याआधीच काढून घ्या, म्हणजे फोटो बघायच्या घाईत बॅग उघडावी लागत नाही.