हॉस्पिटलचं ट्रेनिंग ॲप : नऊ महिने वापरल्यानंतर

मी नाशिकमधल्या एका खाजगी हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डला स्टाफ नर्स आहे. ॲप कसं असतं ते हॉस्पिटलवाल्यांना सांगायला नको. व्हिडिओ बघा, दहा प्रश्न सोडवा, ८० टक्के पडले की सर्टिफिकेट, आणि एनएबीएचची (हॉस्पिटलांचा दर्जा तपासून मान्यता देणारी संस्था) टीम यायच्या आत सगळ्यांच्या प्रिंट फाईलला.

आधी व्हिडिओचं बोलते, कारण जास्त त्रास त्याचाच झालाय. व्हिडिओ पुढे पळवता येत नाही हे एकवेळ चालेल, पण मधे फोन आला किंवा स्क्रीन बंद झाली की परत पहिल्यापासून सुरू!! नाईटला सलग वीस मिनिटं कोणाला मिळतात? फायर सेफ्टीचा २२ मिनिटांचा व्हिडिओ मी चार वेळा पहिल्यापासून बघितला, एकदा तर १९ व्या मिनिटाला सात नंबरचं सलाईन संपलं म्हणून उठले, येऊन बघते तर परत तीच पहिली स्लाईड. वॉर्डचं वायफाय फक्त कॉम्प्युटरला आहे म्हणजे डेटा आपल्याच रिचार्जमधला. मी एचआरला दोनदा मेल केला, इन्चार्ज सिस्टरांनी मीटिंगमध्ये विषय काढला, उत्तर एकच, कंपनीला कळवलंय. अहो थांबलं तिथून पुढे सुरू होणं एवढंच मागतोय.

आणि एवढं करून सर्टिफिकेटवर कौन्सिलचे क्रेडिट अवर्स नाहीतच. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमाप्रमाणे रजिस्ट्रेशन रिन्यू करायला पाच वर्षांत १५० तास सीएनई, म्हणजे नोकरीत असताना घ्यायचं नर्सिंगचं पुढचं शिक्षण, लागतं, ते वीकली ऑफला पदरचे पैसे भरून वेगळं करायचं.

हे सगळं मी दिवाळीच्या आधीच लिहून ठेवलं होतं, टाकायचं राहून गेलं. मग मागच्या महिन्यात एक गोष्ट घडली आणि मत थोडं बदललं.

सकाळी साडेसहाला आमच्या वॉर्डचा कचरा उचलणाऱ्या मावशी लाल पिशवी बांधत होत्या आणि आत कोणीतरी टाकलेली सुई त्यांच्या बोटात गेली. सुई पांढऱ्या डब्यात जायला हवी, लाल पिशवी आयव्ही सेट आणि कॅथेटरसाठी. मावशी बोट दाबून दाबून रक्त काढायला लागल्या, मीही पूर्वी तेच केलं असतं, पण नीडल स्टिकचा तो आठ मिनिटांचा व्हिडिओ दोनच आठवड्यांपूर्वी बघितला होता, मी त्यांचा हात धरला आणि थेट बेसिनला नेलं. दाबायचं नाही, साबण आणि वाहतं पाणी, स्पिरिट वगैरे काही नाही. मग कॅज्युअल्टी, इन्सिडंट फॉर्म, पेशंटचं रक्त तपासणीला. पीईपीचा, म्हणजे एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून द्यायच्या गोळ्यांचा, पहिला डोस शक्यतो दोन तासांत आणि ७२ तासांनंतर उपयोग नाही हे डोक्यात पक्कं होतं म्हणून मी डॉक्टरांच्या मागेच लागले. सव्वाआठला गोळी पोटात गेली. रिपोर्ट सगळे निगेटिव्ह आले, हेपॅटायटिसची लस आधीच झाली होती. त्या आठ मिनिटांसाठी ॲपचे आभार, मनापासून.

पण घरी जाऊन झोप लागेना. मावशींच्या नावावर हाच कोर्स झालेला दाखवतो, १०० टक्के मार्क. तो सोडवला कोणी, आम्हीच. कोर्स इंग्रजीत, मावशींचा फोन साधा, महिनाअखेर यादी लाल दिसली की इन्चार्ज म्हणतात घ्या गं कोणीतरी उरकून. मावशींचा एक मी स्वतः केलाय, आणि त्याची मला आता फार लाज वाटते. २०१६ च्या बायोमेडिकल वेस्ट नियमांत स्पष्ट आहे की कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कामावर घेताना आणि नंतर वर्षातून एकदा तरी ट्रेनिंग द्यायचं. ट्रेनिंग माणसाला द्यायचं, लॉगिनला नाही. सर्वात जास्त सुया ज्यांच्या हाताला लागू शकतात त्यांच्यापर्यंत ॲप पोचलेलंच नाही.

म्हणून स्टार तीन. कंटेंटला पाच दिले असते. मराठी आवाज आला आणि व्हिडिओ थांबला तिथून सुरू व्हायला लागला की वाढवीन.

मेट्रन मॅडमना सांगून मी आता दर गुरुवारी दुपारच्या हँडओव्हरनंतर पंधरा मिनिटं पॅन्ट्रीत मावशी आणि मामांना घेऊन बसते. पिशव्या, पांढरा डबा, बेसिन, सगळं हातात देऊन. पहिल्या दिवशी नऊ जण आले. त्यात सुई लागलेल्या मावशी पुढे बसल्या होत्या आणि नवीन मामाला त्याच सांगत होत्या, बोट दाबायचं नाही हां.